अमिनो ॲसिडच्या गोळ्यांनी डिप्रेशन जातं का? (भावाच्या फ्रीजवरच्या डब्यांबद्दल)

मुक्ता_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पाककृतींचे धागे सोडले तर कुठे तोंड उघडत नाही. आज विचारल्याशिवाय राहवत नाहीये.

धाकटा भाऊ, वय २८, हिंजवडीला नोकरी. गेल्या दिवाळीनंतर हळूहळू गप्प होत गेला. आधी मित्र बंद, मग जेवण अर्धवट, मग रविवारचा अख्खा दिवस भिंतीकडे तोंड करून. फेब्रुवारीत कशीबशी समजूत काढून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू झाली. पहिला महिना काहीच कळेना, पण एप्रिलमध्ये एके दिवशी स्वतःहून केस कापून आला. आईने देवापुढे साखर ठेवली.

आता जिममधल्या ट्रेनरने त्याच्या डोक्यात भरवलंय की "त्या गोळ्या म्हणजे केमिकल, त्यापेक्षा मेंदूला कच्चा माल दे." त्यामुळे घरात दोन डबे आलेत. ५-एचटीपी रात्री, टायरोसिन सकाळी. दोन्ही मिळून २८०० रुपये. सध्या डॉक्टरांची गोळीही चालू आहे, पण ती "हळूहळू सोडणार" म्हणतो. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मलाही सांगितलं नव्हतं, फ्रीजवर मिक्सरच्या मागे डबे सापडले. आई खूश, कारण "डोक्याच्या गोळ्या" तिला पहिल्यापासून नकोच होत्या.

या अमिनो ॲसिडने खरंच फरक पडतो का? कुणाचा अनुभव? त्याला चार दिवस जुलाब होतायत, रात्री घामाने उशी भिजते, झोप उडालीये. ते कँटीनच्या खाण्याने असेल, पण म्हटलं सगळंच लिहावं.

खवचट_खुन्या

ट्रेनरला विचारून मेंदूची औषधं घ्यायची आणि मानसोपचारतज्ज्ञांना विचारून डंबेल उचलायचे. पुढारलोय आपण.

केमिस्ट_नारायणपेठ

मुक्ताताई, बाकी चर्चा मागाहून करू. तुमच्या शेवटच्या दोन ओळी वाचून दुकानातला गल्ला सोडून टंकतोय.

जुलाब, घाम, झोप उडणं. सोबत हात थरथरतायत का? छातीत धडधड? उगाच बेचैन, एका जागी बसवत नाही असं? गेल्या आठवड्यात खोकल्याचं औषध घेतलं का?

एस्सिटालोप्राम मेंदूतलं सिरोटोनिन, म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणारं एक रसायन, लवकर उचललं जाऊ देत नाही. ५-एचटीपी म्हणजे सिरोटोनिन बनण्याच्या अगदी अलीकडची पायरी. एकाने बेसिनची जाळी बंद केली आणि दुसऱ्याने नळ मोठा सोडला, असा प्रकार. सिरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं की जे होतं त्याला सिरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. बऱ्याचदा सौम्य असतो, पण वाढला तर जिवावर बेततो. खोकल्याच्या काही सिरपांमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही यात भर घालतं. ट्रॅमाडॉल नावाची वेदनाशामक गोळीसुद्धा.

आज रात्रीची ५-एचटीपी देऊ नका. एस्सिटालोप्राम मात्र मनाने बंद करू नका. डॉक्टरांना आत्ता फोन लावा आणि डब्यावरचं सगळं वाचून दाखवा. ताप चढला, अंग ताठ झालं, असंबद्ध बोलू लागला तर फोनची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

मुक्ता_सिंहगडरोड

हो. चहाचा कप धरताना हात थरथरतो. मी कॉफीवर खापर फोडलं होतं. आणि खोकल्याचं सिरप, हो, सोमवारपासून. फोन लावते.

निवृत्त_मास्तरीण

केमिस्टसाहेबांनी वेळेवर सांगितलंत. मुक्ता, फोन झाला की इथे लिही गं.

तोवर मूळ प्रश्नाकडे येते. मी ३१ वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागणार, माफी असावी.

ट्रेनरचं "कच्चा माल" हे म्हणणं सरसकट खोटं नाही, म्हणून तर ते पटतं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपण खाण्यातून घेतो, शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. त्याचं ५-एचटीपी होतं आणि ५-एचटीपीचं सिरोटोनिन. दुसऱ्या रांगेत टायरोसिन, त्यापासून एल-डोपा, मग डोपामिन, पुढे नॉरॲड्रेनॅलिन, हीसुद्धा मेंदूतली निरोप्या रसायनंच. कागदावर काढलं की वाटतं, वरून माल ओतला की खाली आनंद निघेल.

पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक कडक पहारा असतो. मोठी अमिनो आम्लं आत जायचा दरवाजा एकच. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलनिन, सगळी त्याच दारात. गणपतीत दगडूशेठपुढे असते तशी रेटारेटी. त्यात ट्रिप्टोफॅन बिचारं संख्येने सगळ्यात कमी. म्हणून भरपूर प्रथिनं खाल्ली की मेंदूत ट्रिप्टोफॅन वाढतं असं नाही, उलट बाकीचे दांडगे त्याला मागे ढकलतात. पिष्टमय जेवणानंतर इन्सुलिन वाढतं, ते बाकीच्यांना स्नायूंत ओढून नेतं आणि ट्रिप्टोफॅनला जरा वाट मिळते.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. आमच्या ह्यांना ९ वर्षं पार्किन्सन्स आहे. त्यांची गोळी लेव्होडोपाची, आणि लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं की गोळी जेवणाआधी अर्धा तास, पनीर-डाळीबरोबर नको. एकदा लग्नात जेवणाबरोबरच घेतली आणि दीड तास खुर्चीतून उठता येईना. दरवाज्यातली रेटारेटी मी डोळ्यांनी पाहिलीये.

५-एचटीपीला ही अडचण कमी, ते दार सहज ओलांडतं. पण त्याचा बराचसा भाग वाटेतच, मेंदूबाहेर, सिरोटोनिन होऊन बसतो. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सिरोटोनिन तसंही आतड्यात असतं. ते मेंदूत शिरत नाही, आतडी हलवतं. कँटीनचं जेवण निर्दोष सुटण्याची शक्यता आहे, मुक्ता.

रानवाट

मी वेगळा अनुभव सांगतो, शिव्या घाला हवं तर. २०२१ मध्ये लॉकडाऊनने पार खचलो होतो. डॉक्टर नाही, गोळी नाही. एका मित्राने परदेशातून ५-एचटीपी आणून दिलं. तीन महिने घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून झोप लागायला लागली, महिन्याभरात माणसात आलो. त्यामुळे "काही उपयोग नाही" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

खवचट_खुन्या

त्या तीन महिन्यांत आणखी काय केलंस?

रानवाट

रोज पहाटे तळजाईवर चालायला जायचो. आणि जुनी नोकरी सोडली.

खवचट_खुन्या

मग ५-एचटीपीच्या बाटलीवर तळजाईचा फोटो छापायला हवा.

निवृत्त_मास्तरीण

खुन्या, चेष्टा पुरे. रानवाट खोटं बोलत नाहीयेत. त्यांना बरं वाटलं हे खरंच. कशामुळे वाटलं, एवढाच प्रश्न.

याचा छडा लावायचा प्रयत्न झालाय. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २००२ च्या आढाव्यात ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपीवरचे तोवरचे १०८ अभ्यास चाळले. त्यातले निकषांना उतरले किती? दोन. दोन्ही मिळून ६४ रुग्ण. त्या दोनांत ही द्रव्यं प्लासिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या खोट्या गोळीपेक्षा, सरस दिसली. पण एवढ्या तुटपुंज्या आधारावर कुणाला "घे" म्हणता येत नाही, असा निष्कर्ष. म्हणजे "उपयोग नाही" असं सिद्ध झालं नाही आणि "उपयोग आहे" असंही नाही.

टायरोसिनचं तर आणखी बारगळलं. १९९० चा एक अभ्यास आहे, ६५ रुग्ण, ४ आठवडे. काहींना टायरोसिन, काहींना इमिप्रामिन हे जुनं औषध, काहींना प्लासिबो. टायरोसिनने नैराश्य हटल्याचं काही दिसलं नाही.

आणि गंमत बघा. याच सुमारास उलटा प्रयोगही झाला. गोळ्यांनी बरे झालेल्या लोकांना ट्रिप्टोफॅन वगळून बाकीच्या अमिनो आम्लांचं पेय दिलं. त्यातल्या अनेकांना काही तासांतच पुन्हा उदास वाटू लागलं. पण ज्यांना कधी नैराश्य नव्हतं त्यांच्यावर फारसा परिणामच नाही! सिरोटोनिन कमी म्हणून माणूस उदास, इतका सरळ हिशेब असता तर सगळेच रडायला हवे होते.

सडेतोड

बाई, तुम्हीच कबूल केलंत. २०२२ मध्ये मोठा आढावा आला होता की डिप्रेशन सिरोटोनिन कमी झाल्याने होतं याला ठोस पुरावा नाही. म्हणजे ३० वर्षं औषध कंपन्यांनी उल्लू बनवलं. मग मुक्ताच्या भावाने त्या गोळ्या फेकून नैसर्गिक अमिनो ॲसिड घेतलं तर कुणाच्या पोटात का दुखावं?

अर्धवट_विज्ञानी

सडेतोडराव, स्वतःच बसलेली फांदी तोडताय. सिरोटोनिन कमी असण्याचा सिद्धांतच चुकीचा म्हणायचं आणि त्याच सिद्धांतावर विकलं जाणारं ५-एचटीपी घ्यायचं? गोळ्यांचं तसं नाही. त्या कशा काम करतात याचं स्पष्टीकरण डळमळीत झालं तरी त्या प्लासिबोपेक्षा सरस ठरतात हे हजारो रुग्णांवर तपासलेलं आहे. ५-एचटीपीकडे ना ते स्पष्टीकरण उरलं, ना तशी तपासणी.

"नैसर्गिक" शब्दाबद्दलही एक ऐका. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांना भयंकर स्नायुदुखी सुरू झाली, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या. १५०० हून जास्त रुग्ण, किमान ३७ मृत्यू. माग काढल्यावर बोट गेलं जपानमधल्या एकाच उत्पादकाकडे. त्याने माल बनवणारा जिवाणू बदलला होता आणि शुद्धीकरणातला कोळसा कमी केला होता. ट्रिप्टोफॅन बाजारातून काढून घेतलं गेलं. लोक झोप लागावी म्हणूनच घेत होते ते, नैसर्गिक म्हणून.

केमिस्ट_नारायणपेठ

आपल्याकडचं सांगतो. हे डबे औषधाच्या परवान्यावर येत नाहीत, अन्नाच्या परवान्यावर येतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाने त्यावर "औषधी उपयोगासाठी नाही" असं छापावं लागतं. आता डबा फिरवून बघा, असतं ते. पुढे मोठ्या अक्षरात "मूड सपोर्ट", मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात हे. औषध म्हणून विकायचं असतं तर आधी परिणाम सिद्ध करावा लागला असता.

माझ्या दुकानातही येतात मागायला. मी आधी एकच विचारतो, दुसरं काय चालू आहे? निम्मे लोक म्हणतात "काही नाही." मग जाता जाता, "म्हणजे डिप्रेशनची आहे एक, पण ती बारीकच गोळी आहे."

मुळाकाठ

बारीकच गोळी. 😐

मी सात वर्षांपूर्वी ती बारीक गोळी एका दिवसात बंद केली होती. सासरी कुणी कपाट उघडलं, पाकीट दिसलं, चर्चा झाली. मी लाजेने सगळं कचऱ्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, जिना उतरताना गरगरायचं, सिरियलमधलं लग्न बघून रडायला यायचं. सवय लागली म्हणून नव्हे, शरीराला हळूहळू उतरवायला हवं ते मी झटक्यात तोडलं म्हणून. दोन महिन्यांनी मूळ दुखणं परत आलं ते वेगळंच.

मुक्ता, तुझा भाऊ गोळी का सोडायला बघतोय ते ट्रेनरला नाही, त्याला विचार. माझ्या अनुभवाने सांगते, बहुतेकदा कारण "केमिकल" नसतं. वजन वाढलेलं असतं, किंवा लग्नाचं बोलणं चालू असतं, किंवा गोळीमुळे इच्छा मेलेली असते आणि ते बोलायची लाज वाटते. डॉक्टरांना सांगितलं की औषध बदलता येतं. सांगितलं नाही की डबे येतात.

शाकाहारी_सदाशिव

मंडळी, सगळे सिरोटोनिनवर अडकलात. पुण्यात बसून बी-१२ चा विषय कुणीच काढला नाही याचं नवल वाटतंय!

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या आसपासची खेडी, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी. आणि शहरी मध्यमवर्गात? ८१ टक्के. आपणच ते, वरण-भात-तूपवाले.

आता अमिनो आम्लाशी संबंध. मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल वापरून झालं की त्याचं होमोसिस्टीन होतं. ते परत मेथिओनिन करायला बी-१२ आणि फोलेट लागतं. बी-१२ नसेल तर होमोसिस्टीन साचतं आणि मेथिओनिनपासून मेंदूला मिळणारा पुढचा मालही अडतो. थकवा, विसराळूपणा, उदासी, मुंग्या. मला ४२ व्या वर्षी हे सगळं झालं होतं. दीड वर्ष मी त्याला "ऑफिसचं टेन्शन" म्हणत होतो. म्हणजे २८०० रुपयांचं अमिनो आम्ल आणण्याआधी पोटात आहे ते नीट फिरतंय का ते बघा. थायरॉइडही.

निवृत्त_मास्तरीण

सदाशिव, अगदी बरोबर, मीच विसरले. पण एक पुस्ती. बी-१२ कमी निघालं म्हणजे नैराश्याचं कारण सापडलं असं लगेच धरू नये. ८१ टक्के लोकांत कमी आहे, तेवढे सगळे काही नैराश्यात नाहीत. भरून काढायचं, आणि मूळ उपचार चालू ठेवायचे.

वहिनी_वारजे

अवांतर: मग रात्री दूध-केळं देऊ का मुलाला? परीक्षेचं टेन्शन घेतो.

निवृत्त_मास्तरीण

द्या की. पोट भरेल. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण २४० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागतं. दूध, डाळ, शेंगदाणे, तीळ यांतून ते सहज मिळतं. केळ्यात सिरोटोनिन असतं हे खरं, पण ते मेंदूत जात नाही. त्याने मूड सुधारला तर तो तुम्ही शेजारी बसलात म्हणून.

रानवाट

सगळं वाचलं. एक विचारू? मी तेव्हा कुठलीच गोळी घेत नव्हतो. अशा माणसालाही धोका आहे का?

केमिस्ट_नारायणपेठ

दुसरी गोळी नसेल तर बराच कमी. मळमळ, जुलाब एवढ्यावर भागतं बहुतेकदा. पण एक गोष्ट आहे जी डबा विकणारा कधीच विचारणार नाही. कधी मधूनच झोप न घेताही भन्नाट उत्साह, वारेमाप खर्च, असे दिवस येतात का? येत असतील तर ते साधं नैराश्य नसून बायपोलर असू शकतं, आणि मूड वर ढकलणाऱ्या गोष्टींनी माणूस उन्मादाकडे झुकू शकतो. तुमचं तसं नव्हतं, नशीब. आणि दिवस फारच वाईट असतील, जगणं नको वाटत असेल, तर डबा हा विषयच नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात.

मुक्ता_सिंहगडरोड

उशीर झाला, माफ करा. चार दिवस धावपळ.

त्या रात्रीच डॉक्टरांशी बोलले. त्यांनी लगेच बोलावलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी डबे हातात घेतले, चष्मा वर करून मागची अक्षरं वाचली, आणि भावाला म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो असं तुला वाटलं?" तो काही बोलला नाही. मग गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पाऊल वर ढकलून घोटा थरथरतो का बघितलं, नाडी, ताप, बीपी. म्हणाले सौम्य आहे, पण आहे. दोन्ही डबे आणि सिरप बंद. एस्सिटालोप्रामचं काय करायचं ते त्यांनी ठरवून दिलं, रोज फोनवर कळवायला सांगितलं. दोन दिवसांत जुलाब थांबले, हाताची थरथर तिसऱ्या दिवशी गेली.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक. बी-१२ आलं १३८, म्हणजे कमी! शाकाहारी_सदाशिव, तुम्हाला एक भाकरवडी लागू. इंजेक्शनं सुरू झालीत. पण डॉक्टरही बाईंसारखंच म्हणाले, हे वेगळं आणि ते वेगळं. बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवायची, तीही नंतर पायरीपायरीने कमी करायची.

मुळाकाठ, तुम्ही लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं. "कारण वेगळंच असतं" तिथपर्यंत आल्यावर म्हणाला, "ताई, पुढचं मी डॉक्टरांशी एकटा बोलेन." मी बाहेर बसले. बावीस मिनिटं. काय बोलले ते विचारलं नाही.

आईला समजावणं अजून चालू आहे. तिचं म्हणणं, डबे बंद तर गोळीही बंद करायला हवी होती.

खवचट_खुन्या

आणि २८०० रुपये?

मुक्ता_सिंहगडरोड

दुकानदार म्हणाला सील तोडलेला माल परत घेत नाही. ५-एचटीपी फेकलं. टायरोसिनचा डबा अजून फ्रीजवर आहे, ट्रेनरला नेऊन देणार म्हणतोय भाऊ.

केमिस्ट_नारायणपेठ

देऊ नका हो. त्यालाही विचारा आधी, दुसरं काय चालू आहे ते.